अंगठीसाठी किती ब्रास?

"किती ब्रास काढणार?"

हा प्रश्न मला विचारला गेला तेव्हा माझ्या हातात वडिलांच्या अंगठीचा फोटो होता. अंगठी 5 ग्रॅमची. समोरच्या माणसाने फोटोकडे बघितलंसुद्धा नाही, त्याला आकडा हवा होता. ब्रास म्हणजे मुरूम, वाळू मोजायचं माप.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात आहे. तालुका सांगत नाही, कारण त्या कचेरीत माझं अजून एक काम पडून आहे. चैत्रात गावची जत्रा असते आणि सासनकाठी, म्हणजे देवाची उंच सजवलेली काठी, गायरानात नाचवतात. यंदा दोर धरायला मी होतो. हाताला घाम, त्यावर गुलाल, आणि बोटात वडिलांची अंगठी. ती मला सैल होते म्हणून आईने खालच्या बाजूला दोरा गुंडाळून दिला होता. काठी कलली, दोराला हिसका बसला, आम्ही चौघांनी मिळून सावरली. घरी येऊन हात धुतले तेव्हा बोट मोकळं.

त्या रात्री बॅटऱ्या घेऊन आणि दुसऱ्या दिवशी गल्लीतली पोरं लावून गायरान पालथं घातलं. दोन चपला, एक किल्ली आणि खंडीभर नारळाच्या शेंड्या मिळाल्या. माझा भाचा पुण्याला असतो. तो म्हणाला, "मामा, माझ्याकडे मेटल डिटेक्टर आहे, रविवारी घेऊन येतो." मला एकदम हलकं वाटलं.

रविवारी सकाळी भाचा कानाला हेडफोन लावून ती थाळी जमिनीवरून फिरवत चालायला लागला आणि अर्ध्या तासात निम्मं गाव गोळा झालं. "गुप्तधन काढत्यात" ही बातमी आमच्या आधी पारापर्यंत पोहोचली होती. एका म्हातारीने तर सरळ विचारलं, "तुमच्यात पायाळू कोन हाय रं?" पायाळू म्हणजे पायाकडून जन्मलेला, त्याला गुप्तधन दिसतं म्हणतात. आमच्यात कोणीच पायाळू नाही. मी तर जन्मलो तो डोक्याकडूनच, आईला विचारून खात्री केली आहे.

हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती, हे पोलीस पाटील आले तेव्हा कळलं. डॉ. दाभोलकरांचा हा जिल्हा. त्यांच्या खुनानंतर 2013 मध्ये जो जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्यात गुप्तधनाच्या नावाखाली होणारे अघोरी प्रकार गुन्हा आहेत. आमच्याकडे ना लिंबू ना नारळ, पण जमाव बघून कोणी फोन केला असता तर आधी आम्हाला गाडीत बसवलं असतं आणि मग खुलासा विचारला असता. पाटील म्हणाले, "अण्णा, अंगठी तुमची हाय, मला म्हाईत हाय. पण जमीन सरकारची हाय. लेखी आणा, मी स्वतः हितं उभा ऱ्हातो." तेव्हा मला त्यांचा भयंकर राग आला होता. आता म्हणतो, माणूस बरोबर होता.

पोलीस ठाण्यातून गहाळ झाल्याचा दाखला आणि ग्रामपंचायतीचा ठराव, हे दोन्ही दहा दिवसांत झालं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. सराफाची पावती जुन्या ट्रंकेत सापडली. ग्रामपंचायतीतल्या ग्रामसेवकांनी मात्र ठराव हातात देतानाच सांगितलं, "गायरान आम्ही वापरतो, सांभाळतो, पण सातबारावर नाव सरकारचं. तुम्हाला वरून पत्र लागणार." हे मला माहीत नव्हतं. गावाचं गायरान म्हणजे गावाचंच, असं पन्नास वर्षं समजत होतो.

मग मी अर्ज लिहिला. मी पतसंस्थेत कारकून आहे, बावीस वर्षं अर्ज वाचतो, त्यामुळे अर्ज कसा लिहायचा याचा मला जरा गर्व आहे. विषय लिहिला: "गायरान जमिनीत मेटल डिटेक्टरद्वारे शोध घेऊन किरकोळ उत्खनन करण्यास परवानगी मिळणेबाबत." 'किरकोळ उत्खनन' या शब्दांवर मी खूश होतो. घरी बायकोला वाचूनही दाखवले.

त्या एका शब्दाने माझे सात आठवडे खाल्ले.

तहसील कचेरीतल्या आवक खिडकीवरच्या बाईंनी फक्त विषय वाचला. शिक्का मारला, कोपऱ्यात पेन्सिलने 'गौ.ख.' लिहिलं, अर्ज उजवीकडच्या ट्रेमध्ये. मी पोच मागितली. "आठ दिवसांनी या, तेव्हा देतो." इथे माझी पहिली चूक झाली, मी ऐकलं. पोच त्याच वेळी, त्याच खिडकीवर, दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घ्यायची असते. हे मी स्वतः दुसऱ्यांना सांगतो.

आठ दिवसांनी कळलं की अर्ज गौण खनिजाच्या टेबलाला गेलाय, म्हणजे मुरूम, वाळू, दगड. तिथल्या साहेबांनी विचारलं, "किती ब्रास?"

"अंगठी आहे हो."

"अंगठी नंतर. मुरूम किती निघणार ते सांगा. रॉयल्टी भरावी लागेल, वाहतूक परवाना लागेल."

"वाहतूक कशाची? खड्डा तिथल्या तिथे बुजवणार."

"मग तसं लिहून द्या."

एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. एसटीत बसल्या बसल्या मी हिशोब केला. अर्धा फूट लांब, अर्धा फूट रुंद, चार इंच खोल असा खड्डा धरला, तर बाराशे खड्डे मारावेत तेव्हा कुठे एक ब्रास भरणार. हा हिशोबही मी लिहून द्यायला निघालो होतो, बायकोने अडवलं.

'माती वाहून नेणार नाही' असं लिहून दिलं. त्या कागदाला आवक खिडकीवर नवा क्रमांक पडला. नवा क्रमांक म्हणजे नवी नस्ती, म्हणजे नवी फाईल. आता माझ्या नावाच्या दोन नस्त्या झाल्या. एकीवर शेरा, 'अर्जदाराचा खुलासा अप्राप्त.' दुसरीवर शेरा, 'मूळ अर्ज जोडलेला नाही.' दोन्ही एकाच कपाटात, एका कप्प्याच्या अंतराने, मी स्वतः बघितल्या. मी म्हणालो, "मॅडम, ही त्याच्यात घाला ना." मॅडम म्हणाल्या, "असं घालता येत नाही, साहेबांचा आदेश लागतो." साहेब फिरतीवर. पुढच्या मंगळवारी साहेब जिल्ह्याला मीटिंगला. त्याच्या पुढच्या मंगळवारी साहेब होते, पण नस्त्या सहीच्या गठ्ठ्यात लावल्याच नव्हत्या.

मग तलाठ्यांचा अभिप्राय. (आता पदाचं नाव बदललंय, ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं. गाव तलाठीच म्हणतं.) कचेरीतून पत्र निघालं असं मला सांगितलं गेलं. गावात तलाठी भाऊसाहेबांना विचारलं, ते म्हणाले, "पत्र आलं की त्याच दिवशी देतो." पत्र बारा दिवस टपालाच्या ट्रेमध्ये होतं. अंतर नऊ किलोमीटर. "माझ्याकडे द्या, मी हातोहात पोचवतो," म्हणालो, तर "हस्ते देता येत नाही." पुढच्या आठवड्यात त्याच टेबलावर दुसरे गृहस्थ बसले होते. ते म्हणाले, "अहो, हस्ते न्यायचं ना! थांबलात कशाला?"

मी काहीच बोललो नाही. बाहेर येऊन उसाचा रस प्यायलो. आमच्या पतसंस्थेतही लोक असेच बाहेर जाऊन रस पीत असतील, हा विचार तेव्हा आला, आणि तो मी लगेच बाजूला सारला.

सहाव्या आठवड्यात दोन गोष्टी एकदम केल्या, त्यामुळे नेमकं कशाने हललं ते सांगता येणार नाही. एक, माहितीचा अधिकार. 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं, विषय एकच ठेवायचा आणि मजकूर 150 शब्दांत बसवायचा, महाराष्ट्राचा तसा नियम आहे. मी रागाने लिहिलेला पहिला मसुदा चारशे शब्दांचा होता. शेवटी एवढंच विचारलं: अमुक तारखेच्या अर्जावर आजपर्यंत कोणत्या तारखेला कोणती कार्यवाही झाली, त्याची प्रत द्यावी. उत्तराला 30 दिवसांची मुदत असते. मला सहाव्या दिवशी फोन आला.

दुसरी गोष्ट, आमच्या गल्लीतले निवृत्त सर्कल, म्हणजे तलाठ्यांच्या वरचे मंडळ अधिकारी. त्यांना मी सगळ्यात शेवटी विचारलं, सगळ्यात आधी विचारायला हवं होतं. त्यांनी माझा अर्ज वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "उत्खनन हा शब्द तुला कोणी लिहायला सांगितला?"

त्यांनी जे सांगितलं ते असं. डिटेक्टर फिरवण्यासाठी परवाना देणारा छापील नमुनाच नाही, त्यामुळे 'परवानगी' मागितली की कारकून गोंधळतो आणि ओळखीचा शब्द पकडतो. 'उत्खनन'ची एक वाट गौण खनिजाकडे, दुसरी पुरातत्त्वाकडे, आणि ही दुसरी तर आणखी लांबची. संरक्षित स्मारक असेल तर विषयच संपला. केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवती 100 मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे 200 मीटर नियंत्रित पट्टा असतो, आणि 1958 च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यात 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, आहे. ही पोरं किल्ल्यांवर तोफगोळे शोधायला डिटेक्टर घेऊन जातात ना, त्यांनी हे वाचावं. आमच्या गायरानाच्या वरच्या अंगाला वनखात्याची हद्द लागते, तिकडे महसूलच्या पत्राला काही किंमत नाही. महादेवाच्या देवळामागे चार वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव दगड, आहेत. ते संरक्षित यादीत नाहीत, तरी सर्कल म्हणाले, तिकडे थाळी नेऊसुद्धा नकोस.

आणि तिसरा कायदा 1878 चा, निखात निधीचा. जमिनीत दडलेलं मोलाचं काही सापडलं आणि किंमत 10 रुपयांच्या वर गेली, तर काय सापडलं, कुठे, कधी, हे कलेक्टरला लेखी कळवायचं. नाही कळवलं तर सापडणाऱ्याचा वाटा तर जातोच, शिवाय 1 वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. 10 रुपये! तेव्हाचे 10 आणि आत्ताचे 10 कायद्याला सारखेच. आपली अंगठी आपलीच असते, तिला हे लागू नाही. पण अंगठी शोधताना दुसरं काही वर आलं तर लागू. म्हणून पंच हवेत, भाऊसाहेब हवेत.

नवा अर्ज त्यांनी तोंडी सांगितला, मी उतरवला. विषय: "जत्रेत हरवलेली सोन्याची अंगठी गायरानात शोधण्यास ना-हरकत मिळणेबाबत." सोबत गहाळ दाखला, पावती, फोटो, ठराव. पोच तिथेच घेतली. पत्र पाचव्या दिवशी हातात. त्यात लिहिलं होतं की अशा परवानगीची तरतूद नाही, मात्र तलाठी व पोलीस पाटील यांच्या समक्ष, खुरप्याने, वीतभरापेक्षा खोल न खणता, खड्डे बुजवून शोध घेण्यास हरकत नाही. जुनी वस्तू आढळल्यास काम थांबवून कळवावे. चार ओळींचं पत्र. त्यासाठी चैत्र संपून ज्येष्ठ उजाडला होता आणि गायरानात बोटभर गवत आलं होतं.

हो, एक राहिलं. पत्र आलं की त्याच्या झेरॉक्स काढून पारावर एक चिकटवा. आम्ही चिकटवली, म्हणून दुसऱ्या वेळी गर्दी निम्मीच झाली.

आमची जमीन बसाल्टची, मातीतच लोहखनिज, त्यामुळे यंत्र रिकाम्या जागेवरही किरकिर करतं. आधी ते जमिनीशी जुळवून घ्यावं लागतं, भाच्याने त्यातच तासभर घालवला. लोखंड वेगळं ओळखू येतं, पण सिगारेटच्या पाकिटातली चांदी, औषधाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि सोन्याची अंगठी यांचा आवाज जवळजवळ एकच. म्हणजे प्रत्येक आवाजाला खुरपं घालायचं. पहिल्या दिवशी बाटल्यांची सत्तरेक बुचं, बैलाच्या तीन पत्र्या, एक मोडका विळा. पोलीस पाटील शब्दाप्रमाणे उभे होते, दुपारी त्यांनी छत्रीही आणली.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला, मी ज्या जागेवर पाय रोवून दोर धरला होता असं छातीठोकपणे सांगत होतो, तिथून चांगली वीस पावलं लांब, भाचा थांबला. तीन बोटं खोल. आधी मला दोराच दिसला. पांढऱ्याचा गुलाबी झालेला, चिखलाने चिकटलेला, पण आईने मारलेली गाठ तशीच. मी अंगठी पुसलीच नाही, तशीच खिशात घातली.

खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. पण भाच्याने उत्साहात परतताना थाळी चालूच ठेवली, आणि बांधापाशी एक तांब्याचं नाणं वर आलं. हिरवट, झिजलेलं, एका बाजूला 'श्री राजा' एवढं वाचता येत होतं. शिवराई, मराठेशाहीतलं नाणं. भाऊसाहेबांनी तळहातावर घेऊन बघितलं आणि विचारलं, "10 रुपयांच्या वर जातं का हो हे?" कोणालाच सांगता येईना. पंचनाम्यात लिहिलं, पाच सह्या झाल्या, नाणं भाऊसाहेबांनी पाकिटात घालून ताब्यात घेतलं. घरी येऊन मी कलेक्टरांच्या नावे पत्र लिहिलं. विषय: "तांब्याचे एक नाणे आढळल्याबाबत."

दोन महिने झाले, त्याचं उत्तर अजून नाही. परवा भाच्याचा फोन होता, "मामा, आठवण करून द्यायला जायचं का?" मी म्हणालो, तू जा.