खारपाणपट्ट्यातल्या सांदवाड्या बघायला जाताय? आधी पांदण रस्त्याचं वाचा

भर उन्हाळ्यात, कमी पाण्यात ज्यांच्या सांदवाड्या, म्हणजे घरामागच्या परसबागा, हिरव्या राहतात त्या बघायला खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीतलं पाणी खारं असलेल्या भागात, अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूरकडच्या खेड्यांत जाऊन आलो. आम्हाला कोणी सांगितलं नाही ते पहिले सांगतो, पांदण रस्त्यात, म्हणजे शेतांमधून जाणाऱ्या कच्च्या वाटेत, चारचाकी घालू नका.

फाट्यावर विचारलं तर म्हणे, "बिनधास्त जाते भाऊ गाडी, दोन किलोमीटर तं हाय." आदल्या रात्री अवकाळीची एक सर येऊन गेली होती, एकच, पण अर्ध्या रस्त्यात काळी माती चाकाला लपेटून मडगार्डमध्ये अशी ठासून बसली की चाक फिरणंच बंद. या पट्ट्यातल्या मातीत सोडियम जास्त, ओली झाली की फुगते आणि पाणी खाली मुरू देत नाही, म्हणून वरून सुकल्यासारखी दिसली तरी आत लगदाच असतो. ट्रॅक्टरवाला आधी पाचशे म्हणाला, साखळी लावून झाल्यावर दोन हजार. ही सरळ लूट आहे. साखळी लावायच्या आधी चार लोकांसमोर भाव पक्का करा, नाहीतर गाडी डांबरावर ठेवा आणि पायी जा. पाऊस झाला असेल तर दोन दिवस जाऊच नका.

आता बागांचं. पूर्णा नदीकाठच्या या गावांत विहिरी-बोअरचं पाणी खारं, त्यामुळे शहरात ऐकलेले अर्धे सल्ले इथे उलटे पडतात. एका नर्सरीवाल्यानं आम्हाला ठिबकचं किट गळ्यात मारलं होतं, कुठल्याही पाण्यावर चालते म्हणून. इथल्या एका काकूंनी आपल्या वाडीतल्या नळ्या दाखवल्या, ड्रिपरच्या तोंडाशी पांढरं मीठ साचून निम्मे बंद. त्यांनी त्या गुंडाळून ठेवल्या आणि मडकी पुरली. जुनं, पाझरणारं मडकं गळ्यापर्यंत जमिनीत, तोंडावर कवेलू (छपराचं कौल), भोवती दोडके-कारल्याचे वेल. काळी माती सुकली की मडक्यापासून सुटते, फट पडते आणि ओल मुळापर्यंत जात नाही, म्हणून त्यांनी मडक्याभोवती शेणखत आणि रेती भरली होती. हे मला कुठेच वाचायला मिळालं नव्हतं! मडक्यात पाणी मात्र छतावरचं साठवलेलं, खारं भरलं तर त्याचीही छिद्रं बुजतात. हिशोब सोपा आहे, एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर, पन्नास चौरस मीटरच्या टिनावर वीस मिलिमीटर पडला तर हजार लिटर, त्यातलं थोडं वाया जाईल, पण पहिल्या पावसाची धूळ वाहून गेल्यावर टाकं भरायला घ्याच.

दुसरी गोष्ट कुटार, म्हणजे मळणीनंतर उरलेला भुसा. तुरीचं, सोयाबीनचं, जे असेल ते वाफ्यावर चांगलं जाड पसरा. ओल तर टिकतेच, पण उन्हानं पाणी उडताना खालचं मीठ वर ओढल्या जाते तेही कमी होतं. नुसत्या कुटारानं वाफ्याच्या कडेची पांढरी बुरशीसारखी पापडी गेलेली डोळ्यानं पाहिली.

न्हाणीचं पाणी केळी-अळूला द्या असं सगळेच सांगतात. आंघोळीचं ठीक आहे, कपड्याच्या पावडरचं पाणी या मातीत अजिबात नको, त्यातही सोडियमच असतो, माती अजून घट्ट होते. लॉन लावायचा विचार असेल तर सोडून द्या. संत्रा-लिंबूसुद्धा खाऱ्यावर नाही होत. बोर, चिकू, कडुनिंब तग धरतात.



जायचं तर एप्रिल-मे मध्येच जा, पावसाळ्यात सगळ्यांचीच वाडी हिरवी असते, त्यातून काही कळत नाही. सकाळी दहाच्या आत उरका, प्यायचं पाणी घरून न्या, तिथे कोणाकडे मागू नका, त्यांच्याकडे गोडं पाणी मोजकंच असतं. आणि दुपारी बायामाणसं कामावरून येऊन टेकलेली असतात, तेव्हा दार वाजवू नका.