पी०३०१ चा कोड, आणि मी मोजत होतो उलट्या बाजूने

मागच्या जुलैत आईकडे साताऱ्याला चाललो होतो, खंबाटकी चढायला लागलो आणि निम्म्या घाटात गाडी मिसिंग मारायला लागली, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटेनासं झालं. तिसऱ्या गिअरला अॅक्सिलरेटर दाबला की मागून कोणी धरून ओढल्यासारखे हिसके, आणि मीटरवर तो पिवळा इंजिनचा दिवा, तोही नुसता लागलेला नाही तर लुकलुकतोय. बायको म्हणाली बाजूला घे, मी म्हटलं घाट संपू दे मग बघू. हा शहाणपणा करायला नको होता. दिवा नुसता लागला तर सावकाश गॅरेज गाठता येतं, पण लुकलुकत असेल तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या लाईनमध्ये जाऊन धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळत असतं, तो तापून आतली जाळी वितळू शकते, आणि त्याची किंमत एकदा विचारून बघा म्हणजे घाटातच थांबायची बुद्धी होईल. वर पोचल्यावर सपाटीला गाडी एकदम शहाणी, जसं काही झालंच नाही.

पुण्यात आल्यावर नेहमीच्या गॅरेजात नेली. त्यांनी गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा कोड वाचणारा स्कॅनर लावला, "मिसिंगचा कोड आहे साहेब, प्लग गेलेत", चारही प्लग बदलले, कोड उडवला म्हणजे पुसून टाकला, पैसे घेतले. चार-पाच दिवस झकास. मग कात्रजच्या चढाला परत तेच. परत गेलो तर म्हणे इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा भाग) क्लीनिंग करून बघू, पेट्रोलच खराब येतंय हल्ली. मी विचारलं दादा, कोड कितव्या सिलिंडरचा होता? तर म्हणे तो तर उडवला ना. म्हणजे जी एक गोष्ट गाडीने स्वतः सांगितली होती तीच कुणी लिहून ठेवली नव्हती.

मग मी घरीच एक स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर मागवला. आपल्याकडे एप्रिल २०१३ पासून कारला ओबीडी-२, म्हणजे गाडीने स्वतःचे बिघाड ओळखून कोड द्यायची सोय, आलंय आणि माझी २०१४ ची पेट्रोल, त्यामुळे स्टिअरिंगखाली पोर्ट होताच. कोड आला पी०३०१. शेवटचा आकडा सिलिंडरचा, म्हणजे एक नंबर. पी०३०० आला असता तर एक ठराविक सिलिंडर नाही, कुठेही मिसिंग होतंय, मग हवेचा लीक, फ्युएल प्रेशर असं सगळ्यांना सामाईक असलेलं काहीतरी आधी बघतात. कोडसोबत फ्रीझ फ्रेम असते, कोड पडला त्या क्षणाचा फोटोच समजा: आरपीएम २४००, लोड (इंजिनवरचा ताण) ८० टक्क्यांच्या पुढे, इंजिन पूर्ण गरम. कोड उडवला की हीपण जाते, म्हणून आधी स्क्रीनशॉट काढला.

आता ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, कळतं कसं, तर क्रँकवरचा (इंजिनच्या फिरत्या मुख्य दांड्यावरचा) सेन्सर क्रँकचा वेग मोजत असतो, एखाद्या सिलिंडरमध्ये भडका झाला नाही की तेवढ्यापुरता वेग किंचित पडतो, कुणाच्या पाळीला पडला ते त्याला समजतं. पण का पडला ते नाही समजत. प्लग, त्याला ठिणगीचा करंट देणारी कॉईल, इंजेक्टर, सिलिंडरमधला दाब म्हणजे कॉम्प्रेशन, काहीही असू शकतं. यावर फुकटचा उपाय म्हणजे अदलाबदल. माझ्या गाडीत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉईल आहे, एकाची कॉईल दोनला लावायची, दोनची एकला, आणि कोडही सोबत सरकला तर कॉईल चोर.

रविवारी इंजिन गार असताना बॉनेट उघडलं, दहाचा पाना, कॉईलला एकच बोल्ट, दहा मिनिटांचं काम. बॅटरीकडून पहिली आणि दुसरी अदलून कोड उडवला, कात्रजला चक्कर मारली, परत पी०३०१! मग कॉईल चांगली, नवे प्लग तर आहेतच, म्हणजे इंजेक्टर, गॅरेजवाला बरोबर होता असं मनात म्हणत इंजेक्टरची किंमतसुद्धा काढली. रात्री सहज मॅन्युअल चाळताना दिसलं की एक नंबर टायमिंग चेनच्या बाजूने मोजतात. बॅटरीच्या बाजूने मी चार आणि तीनची अदलाबदल केली होती. बायको हसून हसून लाल.

दुसऱ्या दिवशी खऱ्या एक आणि दोनची अदलाबदल केली आणि संध्याकाळी चढाला पी०३०२. कॉईलच. कॉईल काढली होती तेव्हाच खरं तर बघायला हवं होतं, तिच्या खालची रबरी नळी फुगून मऊ पडलेली, बोटाला काळपट तेल, आणि आत एक केसाएवढी पांढरट रेघ, जिथून करंट प्लगवर न जाता बाजूच्या धातूकडे पळत होता. सपाटीला चालायचं कारण हेच, लोड नसताना सिलिंडरमधलं प्रेशर कमी असतं, ठिणगी सहज पडते. चढाला प्रेशर वाढलं की ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, आणि ते सोपी वाट शोधतं.

नवी कॉईल साधारण दोन हजाराला बसली. तेल फडक्याने पुसलं आणि विसरलो. इथेच दुसरी चूक.

जानेवारीत परत पी०३०१. नवी कॉईल काढली तर तीपण तेलात! प्लग ज्या खोल भोकात बसतो त्या विहिरीत तळाशी चांगलं बोटभर ऑइल साचलेलं. इंजिनच्या डोक्यावरच्या झाकणाच्या, म्हणजे टॅपेट कव्हरच्या, पॅकिंगसोबत प्रत्येक विहिरीभोवती एक रबरी रिंग असते, ती कडक होऊन तडकली होती, वरून ऑइल आत झिरपत होतं आणि कॉईलचं रबर खराब करत होतं. म्हणजे कॉईल चोर नव्हतीच, तिचाच बळी गेला होता, आणि मी एकाऐवजी दोन कॉईलचे पैसे मोजले.

पॅकिंग आणि रिंगा बदलायला त्याच गॅरेजात गेलो, यावेळी फोनमधले स्क्रीनशॉट दाखवले, दादांनी काही वाद घातला नाही. अर्ध्या दिवसाचं काम. त्यानंतर पावसाळ्यात दोनदा खंबाटकी झाली, दिवा लागलेला नाही. टॅपेट कव्हरवर चेनच्या बाजूला मी मार्करने मोठा १ लिहून ठेवला होता, गॅरेजातल्या पोराने कव्हर पेट्रोलने धुतलं तेव्हा तो गेला. घरी येऊन परत लिहिला.