राइट झालं, तरी फाइल रिकामी का?

पायथनमध्ये राइट (फाइलीत लिहायची आज्ञा) चालवलं की मजकूर लगेच फाइलीत जात नाही. तो आधी प्रोग्रॅमच्याच मेमरीतल्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, साठतो आणि बफर भरला की एकदम ऑपरेटिंग सिस्टिमकडे जातो. अनेक वर्षं हा बफर ८१९२ बाइटचा होता. म्हणून दोन-चार ओळी लिहून, प्रोग्रॅम चालू असतानाच फाइल उघडून बघितली तर ती शून्य बाइटची दिसते.

प्रिंटची गंमत वेगळी. टर्मिनलवर ओळ संपली की ती दिसते. तेच आउटपुट पाइपने पुढे दिलं किंवा लॉग फाइलीत वळवलं, की ओळीओळीने जाणं बंद. लॉग तासभर गप्प असतो आणि प्रोग्रॅम अडकला असं वाटतं. प्रिंटला फ्लश इक्वल्स ट्रू (flush=True, म्हणजे बफर लगेच रिकामा कर) द्या, नाहीतर पायथन उणे-यू (python -u) लावून चालवा.

कंट्रोल-सीने थांबवलं तर जाता जाता बफर सहसा रिकामा होतो. प्रोसेस थांबवणाऱ्या साध्या किल आज्ञेने मात्र नाही. ती 'संप' असा सिगटर्म हा संकेत पाठवते; त्याला उत्तर देणारं फंक्शन, म्हणजे हँडलर, लिहिलेला नसेल तर प्रोसेस जागीच संपते आणि बफरमधलं सगळं जातं. सक्तीने संपवणाऱ्या 'किल उणे नऊ'ला (kill -9) तर हँडलरही लावता येत नाही.

फाइल बंद करणारं क्लोज विसरण्यापेक्षा वाईट म्हणजे क्लोजपुढचे कंस विसरणं: एररही येत नाही, फाइलही बंद होत नाही. सीपायथन (नेहमीचं पायथन) बहुतेक वेळा सांभाळून घेतं, कारण फाइलीकडे बोट दाखवणारं शेवटचं नाव गेलं की ते फाइल बंद करतं; पायपाय हे पायथनचं दुसरं रूप तसं लगेच करत नाही. लूपमध्ये फाइली उघड्याच राहिल्या, तर लिनक्सवर एका प्रोसेसला उघड्या फाइलींची मर्यादा बहुधा १०२४, आणि मग एरर २४ (फार फाइली उघड्या). तेव्हा काम संपताच फाइल आपोआप बंद करणारं विथच वापरा.

पण विथ वापरूनही एक फट राहते. डिस्क भरलेली असेल तर छोटं राइट बिनबोभाट पार पडतं आणि एरर २८ (जागा संपली) क्लोजच्या वेळी येते, म्हणजे विथमधून बाहेर पडताना. एरर पकडणारा ट्राय विथच्या आत असेल तर ती तिथे पकडली जात नाही. ट्राय बाहेर हवा. लिनक्सवर डेव्ह-फुल (/dev/full) ही कायम भरलेल्या डिस्कसारखी वागणारी फाइल उघडून त्यात एक अक्षर लिहा, लगेच कळेल.

फ्लशने मजकूर फक्त कर्नलपर्यंत, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यापर्यंत, जातो. वीज गेली तरी टिकायला हवा असेल तर पुढे तो डिस्कवर पोचवणारं एफसिंक लागतं, आणि ते हळू असतं; दर ओळीला करू नका. महत्त्वाची फाइल बदलताना त्याच फोल्डरमध्ये तात्पुरती फाइल लिहा, मग फ्लश, एफसिंक, क्लोज आणि शेवटी ओएस-रिप्लेसने (os.replace) ती जुनीच्या जागी ठेवा. क्लोजआधी रिप्लेस केलंत, तर विंडोज परवानगी नाकारतं.