तुम्ही विचारलंत म्हणून: न आवडणाऱ्या माणसावर प्रेम करणं हे ढोंग नाही का?

बायबल स्टडी संपली की कुणीतरी मागे रेंगाळतं आणि बाकीचे गेले की हळूच विचारतं, की मला अमुक माणूस अजिबात सहन होत नाही, मग मी ख्रिस्ती कसली? आणि आवडत नसताना प्रेमाने वागायचं हे ढोंगच झालं ना? कधी सासू असते, कधी बॉस, कधी सख्खा भाऊ, आणि बऱ्याचदा चर्चमधलंच कुणीतरी. इतक्या वेळा विचारून झालंय की आता एकदा नीट लिहूनच टाकते.

आधी ते अपराधी वाटणं बाजूला ठेवा. आपली भाषाच बघा ना, 'मला ती आवडत नाही' असं आपण म्हणतो, आवडणं नावडणं हे आपल्याला होतं, राग येतो, वैताग येतो, जसा ताप येतो तसा. पण प्रेम आपण करतो, क्षमा करतो, आणि हो, तिरस्कारसुद्धा करतोच. म्हणजे जे येतं ते वेगळं आणि जे आपण करतो ते वेगळं, आणि हिशेब द्यायचा तो करण्याचा. लूक ६:२७-२८ मध्ये येशू काय काय सांगतो बघा: वैऱ्यांवर प्रीती करा, द्वेष करणाऱ्यांचं बरं करा, शाप देणाऱ्यांना आशीर्वाद द्या, वाईट वागवणाऱ्यांसाठी प्रार्थना करा. सगळं हातापायाचं आणि तोंडाचं काम आहे, त्यात कुठेच 'ते तुम्हाला आवडू द्या' नाही. आणि तो त्यांना वैरी म्हणतो हे मला फार धीर देणारं वाटतं, 'तुझा वैरी वगैरे कुणी नाहीच, तुझ्या मनाचे खेळ आहेत' असं म्हणून तो आपलं दुखणं उडवून लावत नाही.

याच्याही कितीतरी आधी, बायबलच्या जुन्या करारात, निर्गम २३:५ मध्ये एक नियम आहे, तो मी प्रत्येकाला सांगते. तुझा द्वेष करणाऱ्याचं गाढव ओझ्याखाली पडलेलं दिसलं तर तसंच सोडून जाऊ नको, त्याला मोकळं करायला मदत कर. मूळ हिब्रूत 'त्याच्यासोबत' असा शब्द आहे, म्हणजे तो मालक शेजारीच उभा आहे. आता डोळ्यासमोर आणा, ओझ्यासकट पडलेलं जनावर एकट्याने उठत नाही, एकाने या बाजूने धरायचं आणि दुसऱ्याने त्या बाजूने, आणि बोलणं बंद असलेल्या त्या दोघांना निदान 'हं, उचल' एवढं तरी म्हणावंच लागणार. तालमूद म्हणजे यहुदी नियमांवरच्या चर्चांचा जुना ग्रंथ, त्यात तर रब्बींनी, म्हणजे यहुदी धर्मगुरूंनी, याच्याही पुढचा प्रश्न घेतलाय, की मित्राच्या गाढवावरचं ओझं उतरवायचंय आणि वैऱ्याच्या गाढवावर चढवायचंय, दोन्ही एकाच वेळी समोर आलं तर आधी कोण? एरवी उतरवणं आधी, कारण जनावराला त्रास होत असतो. पण इथे उत्तर आहे, आधी वैरी, आपल्या मनाला वळण लागावं म्हणून. मन वळल्यावर मग हात पुढे कर असं नाही, आधी हात. म्हणून हे ढोंग नाही असं मला ठामपणे वाटतं. ढोंग तेव्हा होईल जेव्हा मी तोंडावर गोड बोलेन आणि मागे त्याचं वाटोळं व्हायची वाट बघेन.

आता माझं सांगते. चर्चमध्ये एक मावशी आहेत, वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या. मी शास्त्रवाचन करून खाली आले की उच्चारातली चूक चार जणांसमोर काढणार. आई आजारी होती तेव्हा मी कमिटीची एक मीटिंग चुकवली, तर सगळ्यांसमोर म्हणाल्या, "झेपत नसेल तर माणसाने जबाबदारी घेऊ नये." हे वाक्य मी कित्येक महिने उगाळत होते, भांडी घासताना मनातल्या मनात त्यांना उत्तरं द्यायचे, दर वेळी आधीपेक्षा धारदार. प्रार्थनाही करायचे, 'प्रभू, त्यांना बदल', म्हणजे खरं तर ती तक्रारच होती.

मग एका रात्री ठरवलं की जे मी माझ्या आईसाठी मागते तेच त्यांच्यासाठी मागायचं. सुरुवात केली, तब्येत चांगली राहू दे, झोप लागू दे, आणि पुढे अडकलेच. पुढे काय मागू? त्यांना झोप लागते की नाही हेच मला माहीत नव्हतं. त्यांना कुणाचा फोन येतो, कशाची भीती वाटते, काही म्हणजे काही माहीत नाही. अकरा वर्षं एका चर्चमध्ये काढली, त्या मला कधी काय काय बोलल्या ते सगळं तोंडपाठ आणि बाकी माणूस कोरा. फार लाज वाटली मला त्या रात्री.

पुढच्या रविवारी मी विचारलं, "मावशी, रात्री झोप लागते का हो तुम्हाला?" त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "डोळ्याचं ऑपरेशन झालंय ना, थेंब घालायला कुणी नसतं. हात थरथरतो. अर्धं औषध गालावरच जातं." आणि काठी घेऊन निघून गेल्या.

पण एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण विचारणाऱ्यांपैकी काही जणी मार खाणाऱ्या असतात आणि त्यांना कुणीतरी 'प्रेमाने सहन कर' असं शिकवलेलं असतं. हे चुकीचं शिकवणं आहे, मला त्याचा मनापासून राग येतो. १ शमुवेल २४ वाचा. राजा शौल दाविदाच्या जिवावर उठलेला, त्याच्यावर भालाही फेकलेला, गुहेत तो आयता हाती सापडतो, दावीद नुसता त्याच्या झग्याचा काठ कापून घेतो आणि त्याला जिवंत सोडतो. शौल रडतो, दाविदाला चांगलं म्हणतो. आणि शेवटी? शौल आपल्या घरी गेला आणि दावीद आपल्या माणसांबरोबर गडावर गेला. त्याच्या मागे राजवाड्यात गेला नाही. जीव घ्यायचा नाही, सूड घ्यायचा नाही, पण भाल्याच्या टप्प्यातही राहायचं नाही, हे सगळं एकाच माणसाने केलं.

आणि नुसतं पटत नसेल, धोका नसेल, तरी थोडं अंतर ठेवलं म्हणून कुणी पापी होत नाही. पौल आणि बर्णबा येशूचा संदेश सांगत बरोबर फिरायचे, पण मार्क नावाच्या सहकाऱ्याला सोबत न्यायचं की नाही यावरून त्यांचं असं बिनसलं की दोघे दोन वाटांनी गेले (कृत्ये १५:३९). त्या बिनसण्याला तिथे जो ग्रीक शब्द आहे त्याच धातूचा शब्द पौलाच्या १ करिंथ १३ मध्ये येतो, प्रीती 'चिडत नाही' असं आपण वाचतो तिथे. ते वाक्य लिहिणारा माणूस स्वतः चिडला होता, जवळच्या माणसावर. पुढे २ तीमथ्य ४:११ मध्ये तो मार्काला घेऊन यायला सांगतो, तो मला उपयोगी आहे म्हणतो. मधल्या वर्षांत काय झालं ते कुठे लिहिलेलं नाही, पण वर्षं लागली एवढं नक्की.

मावशींकडे मी आठवड्यातून तीन संध्याकाळी जात होते, बाकीच्या दिवशी चर्चमधल्या एक दोघी. त्या खुर्चीत मान मागे टाकून बसायच्या, मी खालची पापणी बोटाने ओढायचे, आणि थेंब पडायच्या आधी त्यांची मूठ पदराचं टोक घट्ट आवळायची. पहिल्या दिवशी ती मूठ बघितली आणि मला काही सुचेना, मी तशीच बाटली धरून उभी. "घाल की," त्या म्हणाल्या. अजूनही त्या मला आवडतात असं नाही म्हणणार मी, उच्चार तर त्या अजून काढतातच. पण रात्री त्यांचं नाव घेते तेव्हा आता काय मागायचं ते मला माहीत असतं.