बांधावरची गुळवेल

अमरावती जिल्ह्यातल्या वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात पोळा उलटला की आमच्या शेती सल्ला कक्षाकडे एकाच प्रश्नाची रीघ लागते: आंबिया बहाराची (जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलोऱ्याची) संत्री गळत आहेत, काय फवारावे? काहीतरी फवारायचे हे विचारणाऱ्याने आधीच ठरवलेले असते, आमच्याकडून फक्त नाव हवे असते. आमच्या साप्ताहिक सल्लापत्रिकेचा भाद्रपदातला मजकूरही जवळजवळ ठरलेलाच असतो. साचलेले पाणी उताराच्या दिशेने चर खोदून बाहेर काढावे, गळालेली फळे वेचून खोल पुरावीत, आणि नैसर्गिक गळ रोखण्यासाठी २,४-डी किंवा जिबरेलिक आम्ल यांपैकी एक संजीवक दीड ग्रॅम व युरिया एक किलो, १०० लिटर पाण्यात मिसळून फवारावे. यातले एकही वाक्य चुकीचे नाही. दीड ग्रॅम मोजणारा काटा किती घरांत असतो, आणि तणनाशक म्हणूनही वापरल्या जाणाऱ्या २,४-डीचा पंप नीट न धुता शेजारच्या कपाशीत गेला तर काय होते, हा मात्र वेगळाच विषय आहे.

ज्या बागेविषयी लिहितो आहे, तिच्या मालकाने हे सगळे आधीच करून पाहिले होते. शिवाय दुकानातून मिळालेला ‘संच’, म्हणजे एक टॉनिक, एक बुरशीनाशक, एक कीटकनाशक आणि एक स्टिकर (औषध पानाला चिकटवणारा द्रव), एकाच पंपात ओतून झाला होता. दुकानदाराला पूर्ण दोष देता येत नाही, कारण उधारीवर माल देणारा तोच असतो आणि रात्री आठ वाजता फोन उचलणाराही तोच. पण गळालेले फळ हातात न घेता औषध देणे याला सल्ला म्हणता येत नाही, हे मी त्याच्या तोंडावरही बोललो आहे.

फळगळीच्या बागेत मी प्रथम झाडाकडे पाहत नाही, खाली पाहतो. त्या दिवशी बागेच्या वेगवेगळ्या भागांतून सुमारे शंभर फळे गोळा करून आम्ही धुऱ्यावर त्यांचे ढीग लावले. देठाशी काळपट पडून आत सरकत गेलेली कूज असलेली फळे एका बाजूला. ती वाळलेल्या काड्यांवरच्या बुरशीची. जमिनीलगतच्या फांद्यांवरची, तपकिरी चामड्यासारखा डाग पडलेली आणि उग्र वासाची फळे दुसऱ्या बाजूला. ती ओल्या जमिनीत वाढणाऱ्या फायटोप्थोरा या रोगकारकाची, आणि ती बहुतेक पाणी साचणाऱ्या खालच्या कोपऱ्यातूनच आली होती. कापल्यावर आत अळ्या वळवळताना दिसल्या ती फळमाशीची. कसलाही डाग नसलेली, देठापासून स्वच्छ सुटलेली फळे ही खरी नैसर्गिक गळ, म्हणजे ज्यासाठी एवढी संजीवके फवारली गेली होती ती, आणि तो ढीग सर्वांत लहान निघाला.

निम्म्याहून अधिक फळे पाचव्या ढिगात गेली. वरून पाहिले तर त्यांच्यावर टाचणीने टोचल्यासारखे एकच बारीक छिद्र होते, भोवती फिकट, मऊ वर्तुळ. आणि अंगठ्याने दाबताच त्या छिद्रातून रसाची चिळकांडी उडत होती. “साहेब, हे तर मी रोज पाहतो, पण आत अळी निघत नाही,” बागवान म्हणाले. अळी निघणार नव्हतीच. हे काम रस शोषक पतंगाचे. तो अंधार पडल्यावर येतो, भक्कम सोंड सालीत खुपसून रस ओढतो आणि उजाडण्यापूर्वी निघून जातो; पुढे त्या छिद्रातून बुरशी व जिवाणू शिरतात आणि फळ गळते. दिवसा केलेल्या फवारणीचा त्याला फारसा उपद्रव होत नाही, कारण औषध सालीवर राहते आणि तो साल कुरतडत नाही, रस आतून ओढतो.

सांगून विश्वास बसणार नाही, म्हणून रात्री पुन्हा बागेत गेलो. बॅटरीच्या झोतात पतंगांचे डोळे लाल-नारिंगी चमकतात. मागचे पंख पिवळे-केशरी, त्यांवर काळा पट्टा. ‘दिवसभर मी कोणाशी भांडत होतो’ असा भाव बागवानांच्या चेहऱ्यावर होता. आमच्या कार्यालयात भेटीचा पुरावा म्हणून छायाचित्र लागते, आणि अंधारात काढलेले छायाचित्र अस्पष्ट म्हणून परत येते; रात्री येणाऱ्या किडीचे निदान नोंदवहीत दुपारचेच का असते, याचे उत्तर तिथे आहे.

उपाय आहेत. गळालेली फळे रोज उचलायची, कारण कुजक्या फळांचा वास पतंगाला बोलावतो. सायंकाळी धूर करायचा. २० मिली मॅलाथिऑन, २०० ग्रॅम गूळ आणि थोडा फळांचा रस दोन लिटर पाण्यात मिसळून, ते आमिष रुंद तोंडाच्या बाटल्यांत भरून बागेत टांगायचे. हे सगळे आम्ही सुरू केले. पण हा पतंग अळीच्या अवस्थेत संत्र्यावर जगतच नाही. त्याची अळी गुळवेल आणि वासनवेल यांची पाने खाते. दुसऱ्या दिवशी बांध धुंडाळला, तेव्हा शेजाऱ्यांच्या कडुनिंबावर दाट चढलेल्या गुळवेलीत बाजूला डोळ्यांसारखे ठिपके असलेल्या, कमान करून बसलेल्या अळ्या सापडल्या.

सल्लापत्रिकेत आम्ही दरवर्षी लिहितो: बांधावरील गुळवेल व वासनवेल काढून नष्ट करावी. ते वाचणारा संत्र्याचा मालक असतो. वेलीचा मालक दुसराच असू शकतो, हे त्या वाक्यात कुठे बसत नाही. या शेजाऱ्यांकडे संत्र्याचे एकही झाड नाही, कपाशी आणि तूर आहे. गुळवेलीच्या काड्या ते वाळवून विकतात, आणि करोनाच्या साथीपासून तिला गिऱ्हाईकही चांगले आहे. “तुमच्या संत्र्यासाठी मी माझी वेल का तोडू, भाऊ?” या त्यांच्या प्रश्नावर माझ्याकडे तांत्रिक उत्तर नव्हते. नुसत्या एका बांधाची वेल काढून पतंग थांबेल, असेही मी छातीठोक सांगू शकत नाही; तो उडणारा कीटक आहे आणि शिवारात कडुनिंब पुष्कळ आहेत.

बोलता बोलता एक मध्यममार्ग निघाला. जाड काड्या तशाच ठेवायच्या, आणि पुढच्या मृगानंतर फुटणाऱ्या पालवीवर अळ्या दिसताच पानांसकट कोवळे शेंडे खुडून घ्यायचे. शेजारी तयार आहेत, बागवानही तयार आहेत. शेंडे खुडणाऱ्या बायकांची मजुरी कोणी द्यायची, एवढ्यावर बोलणे अडले आहे.