दसरा आणि दिवाळीच्या मधला हादरा

लातूरच्या एका महाविद्यालयात पदव्युत्तर वर्गाला मी विज्ञान-तंत्रज्ञानाचा इतिहास आणि तत्त्वज्ञान हा विषय शिकवते. एखादे निरीक्षण सिद्धान्ताच्या विरोधात गेले तर शास्त्रज्ञ सिद्धान्त सोडून देतात की आणखी एखादे गृहीतक जोडून तो सावरतात, हा त्या दिवसाचा प्रश्न होता. त्यासाठी माझी उदाहरणे ठरलेली आहेत. युरेनसची कक्षा हिशोबात बसेना, तेव्हा न्यूटनला दोष न देता आणखी एक ग्रह गृहीत धरला गेला आणि 1846 मध्ये नेपच्यून खरोखर सापडला. बुधाच्या बाबतीत हाच उपाय फसला, आणि उत्तर मिळायला 1915 साल, म्हणजे आइन्स्टाइनचा सामान्य सापेक्षता सिद्धान्त, उजाडावा लागला. (आमची पाठ्यपुस्तकातली उदाहरणे नेहमी आकाशातलीच का असतात, हे कोडे मला अजून सुटलेले नाही.)

त्या दिवशी मात्र मी जमिनीवर आले. दख्खनचे पठार हे प्राचीन, स्थिर भूखंडाचा भाग आहे, ही समजूत रूढ असतानाच 11 डिसेंबर 1967 रोजी कोयनेला मोठा भूकंप झाला. त्याचे कारण प्रामुख्याने धरणाच्या जलाशयात शोधले गेले आणि त्यात तथ्यही होते. पण त्यामुळे कोयना हा अपवाद ठरला आणि स्थिरतेची मूळ कल्पना बऱ्याच अंशी शाबूत राहिली. देशाच्या भूकंपधोक्याच्या नकाशात कोयनेचा परिसर वरच्या श्रेणीत गेला, लातूरचा भाग मात्र सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागातच राहिला. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी लातूर जिल्ह्यातल्या किल्लारी परिसरात भूकंपाने काय केले, ते या वर्गाला सांगण्याची गरज नव्हती.

एवढ्यात पुनर्वसित गावातून येणारा एक विद्यार्थी म्हणाला, "मॅडम, आमची आजी म्हणते, आदल्या वर्षीच हादरे बसत होते. लोक रानात झोपायला गेले होते."

"कधी?" असे मी विचारले. त्याने तिथूनच आजीला फोन लावला आणि आवाज मोठा केला. आजी म्हणाली, "दसरा झाला व्हता, दिवाळी यायची व्हती. ज्वारी पेरून झाली व्हती. भांडी पडली, तवा समदे भाईर पळाले."

माझ्या टिपणांत 1992 च्या हादऱ्यांची नोंद होती आणि त्यांतल्या ठळक धक्क्याची तारीख 18 ऑक्टोबर अशी होती. त्या वर्षी लक्ष्मीपूजन 25 ऑक्टोबरला होते. उपकरणाची नोंद आणि पेरणीच्या हिशोबाने जपलेली आठवण एकमेकींशी जुळत होती, आणि वर्गात काही क्षण कोणी बोलले नाही.

मग मीच आजींना विचारले, "घरी परत का गेलात?"

"थंडी पडली, माय. किती दिस ऱ्हायाचं रानात?"

मागाहून सगळेच स्पष्ट दिसते, हे मला वर्गाला बजावावे लागले. अशा लहान धक्क्यांच्या मालिका मोठा भूकंप न होताही विरून जातात. म्हणून आदल्या वर्षीचे हादरे म्हणजे भाकीत नव्हे, आणि परत जाणाऱ्यांना तर मुळीच दोष देता येत नाही. आक्षेप घ्यायचा तो 'स्थिर' या शब्दावर. त्या शब्दात जमिनीच्या गुणधर्माइतकाच आपल्या नोंदींचा अपुरेपणा दडलेला होता, कारण भूकंपाची नोंद हाती नसणे आणि भूकंप झालेलाच नसणे या दोन गोष्टी नकाशावर एकाच रंगात रंगवल्या जातात. किल्लारीला पुढे 617 मीटर खोल बोअर घेतले गेले, त्यात वरचा बेसाल्ट 338 मीटरच भरला. त्याखालच्या प्राचीन खडकाविषयी तोवर थेट पुरावा नव्हता. नकाशा 2002 मध्ये बदलला आणि हा परिसर तिसऱ्या विभागात गेला.

माळवदाचा विषय निघालाच. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचा थर हे उन्हाळ्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या तपासलेले तंत्रज्ञान होते. फक्त भूकंपाची तपासणी त्याच्या वाट्याला आलेली नव्हती. भूकंपानंतर माळवद सोडून पत्र्याखाली मे महिना काढणाऱ्यांच्या निवडीला अडाणीपणा म्हणणे मला जमत नाही.

तास संपल्यावर तो विद्यार्थी टेबलाजवळ आला. निबंधात आजीचे सांगणे घेता येईल का आणि स्रोत म्हणून काय लिहू, असे त्याने विचारले. आजीचे नाव, वय आणि गाव लिही, असे मी सांगितले.

"आणि तारीख?"

"'दसरा झाल्यावर, दिवाळीच्या आधी' असंच लिही. 18 ऑक्टोबर कंसात टाक."