पूर येण्याआधी घरचे कागद दोन गावात ठेवा

सांगलीत जुलै लागला की सगळ्यांचा एकच प्रश्न असतो, इर्विनला, म्हणजे कृष्णेवरच्या इर्विन पुलाला, पाणी किती फूट झालं? 45 फूट म्हणजे धोका पातळी, आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटाच्या पण वर गेलं होतं. त्यावेळी खूप जणांनी 2005 च्या पुराचा हिशोब धरून सामान तेवढ्याच उंचीवर उचलून ठेवलं होतं आणि ते सगळं पाण्यात गेलं. मग 2021 ला परत पूर आला. त्यामुळे पाऊस सुरू झाला की गहू-तांदूळ, गॅस, टीव्ही, गाडी कुठे हलवायची हे आमच्याकडे लहान पोराला पण माहीत असतं, पण कागदांचं काय हे कोणी विचारत नाही, आणि पाणी ओसरल्यावर पहिली गरज कागदाचीच लागते.

तलाठी पंचनाम्याला येतात तेव्हा आधार, रेशनकार्ड आणि बँक पासबुकाची झेरॉक्स मागतात. 2019 ला सानुग्रह अनुदान ग्रामीण भागात 10 हजार आणि शहरात 15 हजार होतं, त्यातली काही रक्कम रोख आणि बाकीची खात्यावर, म्हणजे खाते नंबर आणि आयएफएससी पाहिजेच. आणि गावभर चिखल, लाईट नाही, झेरॉक्सवाल्याचं मशीनच पाण्यातून बाहेर काढलेलं, अशा वेळी माणूस झेरॉक्स कुठून आणणार सांगा.

काकांच्या घरी कागद कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात असायचे, जड फाईल म्हणून खाली. बऱ्याच घरात पलंगाच्या बॉक्समध्ये असतात, ते तर त्याहून वाईट. पाणी उतरल्यावर फाईल उघडली तर घराच्या खरेदीखताची पानं एकमेकाला चिकटून वीट झालेली, शिक्क्यांची जांभळी शाई शेजारच्या पानावर उतरलेली. चुलत बहिणीचं दहावीचं मार्कशीट लॅमिनेट केलेलं होतं म्हणून सगळ्यांना वाटलं ते तरी वाचलं असेल, पण एका कोपऱ्यातून पाणी आत शिरलं होतं आणि प्लास्टिकच्या आत तपकिरी पाणी तसंच डुचमळत होतं, वाळायला जागाच नाही. म्हणून मी सगळ्यांना सांगते की मूळ कागद लॅमिनेट करू नका, झिपच्या जाड पिशवीत ठेवा, ती उघडता तरी येते.

काकू घाईघाईत पानं सुटी करायला लागल्या तेव्हा शेजारच्या आजोबांनी हात धरला, "अगं थांब, ओलं पान ओढलं की फाटतं." बरोबर होतं त्यांचं. ओले कागद कडक उन्हात टाकायचे नाहीत, सावलीत पंख्याखाली, मधे साधा कोरा कागद घालून तो बदलत राहायचा. दोनेक दिवसात बुरशी धरायला लागते, त्यामुळे गठ्ठा मोठा असेल आणि जवळपास कुणाकडे लाईट असेल तर पिशवीत घालून सरळ त्यांच्या फ्रीजरमध्ये ठेवायचा. ऐकायला विचित्र वाटेल पण थंडीत बुरशी थांबते आणि नंतर सवडीने थोडं थोडं काढून वाळवता येतं.

आता सगळे म्हणतात सरकारचं डिजिलॉकर ॲप आहे ना. आहे, आणि चांगलंच आहे, त्यात सरकारी खात्याकडून थेट आलेलं लायसन्स किंवा आरसी कायद्याने मूळ कागदासारखंच धरतात. पण आपण फोटो काढून त्यात अपलोड केलेल्या कागदाला तो दर्जा नाही, हा फरक बऱ्याच जणांना माहीत नसतो. सातबारा डिजिटल सहीचा 15 रुपयात निघतो, रजिस्टर झालेल्या खरेदीखताची सही-शिक्क्याची नक्कल दुय्यम निबंधक कार्यालयातून मिळते (दस्त नंबर आणि साल माहीत असेल तर शोधणं फार सोपं जातं), जन्म-मृत्यूचे दाखले महापालिकेतून किंवा ग्रामपंचायतीतून. म्हणजे बहुतेक सगळं परत मिळतं, फक्त नंबर पाहिजेत.

आणि फोन पाहिजे. खरी अडचण इथेच आहे. फोन पाण्यात गेला, सिम गेलं, डिजिलॉकरला ओटीपी येणार त्याच सिमवर, नवीन सिम घ्यायला आधार किंवा दुसरं ओळखपत्र लागणार, आणि आधार डाऊनलोड करायला परत ओटीपी. ज्या घरात सगळ्यांच्या आधारला मुलाचा एकच नंबर जोडलाय तिथे एक फोन बुडाला की अख्खं घर अडकलं. टॉवर बंद असतील तर फोन कोरडा असून पण उपयोग नाही, म्हणून पीडीएफ आधीच मोबाईलमध्ये उतरवून ठेवायच्या.

त्यामुळे माझं ठाम मत आहे की एक कागदी संच दुसऱ्या गावात पाहिजेच, आणि ते गाव त्याच नदीच्या किंवा तिला मिळणाऱ्या नदीच्या काठावर नको. सांगलीवाल्याने कोल्हापूरच्या बहिणीकडे ठेवून उपयोग नाही, 2019 ला दोन्हीकडे एकाच वेळी पाणी होतं. आमचा संच आता पुण्याला आत्याकडे असतो. त्यात सगळ्यांच्या झेरॉक्स, आणि वर एक पान हाताने लिहिलेलं: आधार, पॅन, खाते नंबर, विमा पॉलिसींचे नंबर, गॅसचा ग्राहक नंबर, दस्त नंबर, सातबाऱ्याचे गट नंबर. बॉलपेनने लिहायचं, जेल पेनची शाई पाण्यात पसरू शकते. बँक लॉकरमध्ये मूळ कागद असतील तर ती शाखा तळमजल्यावर आहे का तेवढं बघा, पूररेषेत असेल तर तिथेही पिशवी पाहिजे. आणि फॅमिली ग्रुपवर आधारचे फोटो टाकून ठेवू नका प्लीज, ते पुढे कुठे जातात कळत नाही, फार तर एका विश्वासातल्या माणसाला वेगळे पाठवा.

आईवडिलांच्या आधारला जुना बंद पडलेला नंबर असेल तर त्यांना मे महिन्यातच आधार केंद्रात घेऊन जा. पुरानंतर तिथे रांग तर असतेच, आणि ज्यांच्या घरात अजून चिखल आहे त्या म्हाताऱ्या माणसांना त्या रांगेत उभं करवत नाही.